शून्य आणि कोरी जागा : एका बास्केटबॉल सामन्याच्या आकड्यांची गोष्ट



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा या मालिकेच्या एका नेहमीच्या श्रोत्यांचा मला फोन आला. म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. बास्केटबॉल काहून बाप्पा?" त्यांचं काही चुकलं नाही. मी जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं, आणि माझ्याकडं बघून कुणाला खेळाडूची आठवण येत नाही. (हशा) पण तर्कशास्त्राचा पहिला धडा मी वर्गात शिकलोच नाही. तो मला बास्केटबॉलच्या गुणतक्त्याने शिकवला, आणि शिकायला मला फार वर्षं लागली. ती हकिकत मधे सांगेनच. आधी आजचा कागद बघू.

हा कागद एका सामन्याचा आहे. तारीख ४ ऑक्टोबर २०१९. जागा मुंबई, वरळीचा एनएससीआय डोम. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगचा भारतात झालेला हा पहिला सामना. एका बाजूला सॅक्रामेंटो किंग्ज, दुसऱ्या बाजूला इंडियाना पेसर्स. ठरलेल्या अठ्ठेचाळीस मिनिटांत बरोबरी झाली, म्हणून पाच मिनिटं जादा खेळवली. शेवटी पेसर्स १३२, किंग्ज १३१. एका गुणाने निकाल! पेसर्सच्या टी. जे. वॉरनचे ३०, किंग्जच्या बडी हील्डचे २८. बघायला कोण होतं? मुंबईतल्या शाळांमधली तीन हजारांच्या आसपास मुलंमुली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच दोन संघ खेळले आणि पेसर्स १३० विरुद्ध १०६ असे आरामात जिंकले.

हा सामना मुंबईत झाला त्यामागं एक नाव आहे, विवेक रणदिवे. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक. जन्म मुंबईचा, वाढले जुहूला, सोळाव्या वर्षी अमेरिकेत एमआयटीला शिकायला गेले. पुढं त्यांनी शेअर बाजाराचे आकडे त्या क्षणी पडद्यावर आणणारं सॉफ्टवेअर तयार केलं, टिब्को नावाची कंपनी उभारली, आणि २०१३मध्ये किंग्ज हा संघ घेतला. एनबीएतल्या संघाची बहुसंख्य मालकी घेणारे ते पहिले भारतात जन्मलेले गृहस्थ. म्हणजे आकड्यांवर आयुष्य उभं केलेला एक मराठी आडनावाचा माणूस आपला संघ घेऊन आपल्या जन्मगावी आला होता. आजच्या विषयाला यापेक्षा जवळचा सामना मला सापडला नसता.

आता हा तक्ता वाचायचा कसा? इंग्रजीत याला बॉक्स स्कोअर म्हणतात. डावीकडं खेळाडूंची नावं. पुढं रकाने. किती मिनिटं खेळला. किती वेळा बास्केटकडं चेंडू टाकला, त्यातले किती आत गेले. तीन गुणांचे किती. फ्री थ्रो किती. रिबाउंड, म्हणजे हुकलेला चेंडू परत ताब्यात घेणं. असिस्ट, म्हणजे असा पास की घेणाऱ्याने लगेच बास्केट केली. स्टील, म्हणजे चेंडू हिसकावणं. ब्लॉक, म्हणजे हवेतच अडवणं. टर्नओव्हर, म्हणजे चेंडू गमावणं. मग फाउल. आणि अगदी शेवटी गुण.

किराणा दुकानाच्या खतावणीसारखा हा कागद जुळावा लागतो. खेळाडूंचे गुण बेरजेला घेतले की संघाचे गुण यायलाच पाहिजेत. मैदानात एका वेळी पाच जण असतात. मुंबईचा सामना ५३ मिनिटं चालला. पाच गुणिले त्रेपन्न, २६५. एका संघाच्या सगळ्या खेळाडूंच्या मिनिटांची बेरीज २६५ आली नाही, तर लिहिणाऱ्याची चूक झाली असं खुशाल समजा. असा चोख कागद बघितला की आपला विश्वास बसतो. वाटतं, जे घडलं ते सगळं यात आहे. मला आज या विश्वासाबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी जरा मागं जाऊ.

या तक्त्याचं मूळ, ऐकून गंमत वाटेल, क्रिकेटमध्ये आहे. हेन्री चॅडविक नावाचा इंग्लंडात जन्मलेला पत्रकार अमेरिकेत क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. १८५०च्या दशकाच्या शेवटी त्याने क्रिकेटच्या धावफलकाचा नमुना बेसबॉलला लावला. एका चौकटीत अख्खा सामना. तोच नमुना पुढं बास्केटबॉलने उचलला. आपल्यापैकी ज्यांनी शाळेच्या मैदानावर क्रिकेटची स्कोअरबुकं भरली असतील, त्यांना हा कागद परका वाटायचं कारण नाही.

बास्केटबॉल जन्माला आलं २१ डिसेंबर १८९१ रोजी, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी. जेम्स नेस्मिथ हे कॅनडात जन्मलेले व्यायामशिक्षक. हिवाळ्यात बाहेर खेळता येईना, पोरं कंटाळलेली. त्यांनी तिथल्या शिपायाकडं खोकी मागितली, त्याच्याकडं निघाल्या पीच या फळाच्या टोपल्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही बास्केट दहा फुटांवर असते. टोपल्यांना बूड होतं, चेंडू अडकला की शिडी लावून काढायचा. एकेका बाजूला नऊ जण. पहिल्या सामन्याचा निकाल १–०. विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याने केलेली ती एकुलती एक बास्केट.

नेस्मिथनी लिहिलेले मूळ नियम तेरा. त्यातले दोन आपल्या कामाचे. एका नियमात म्हटलंय की अंपायरने फाउल टिपून ठेवावेत. दुसऱ्यात म्हटलंय की रेफ्रीने गोलांचा हिशोब ठेवावा. लागोपाठ तीन फाउल झाले की समोरच्या संघाला एक गोल. लक्षात घ्या, खेळ जन्मला तोच हिशोब घेऊन. आणि हिशोबात पहिल्या दिवशी फक्त दोन गोष्टी होत्या, बास्केट आणि फाउल. म्हणजे यश आणि गुन्हा. या दोहोंच्या मधे खेळाडू जे काही करतो त्याला रकाना नव्हता.

जाता जाता एक आकडा सांगतो. नेस्मिथ पुढं कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक झाले. तिथला त्यांचा हिशोब असा, ५५ विजय आणि ६० पराभव. त्या विद्यापीठाच्या इतिहासात पराभव विजयांपेक्षा जास्त असलेला प्रशिक्षक एकच, ज्याने हा खेळ शोधला तो. (हशा) आकडा खरा आहे, पण त्यावरून नेस्मिथ कोण होते हे कळत नाही.

आता १९३६मध्ये जाऊ, बर्लिनला. त्या वर्षी ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा अधिकृत खेळ म्हणून आलं. पंचाहत्तरीकडं झुकलेले नेस्मिथ ते बघायला स्वतः हजर होते. अंतिम सामना १४ ऑगस्टला, उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानावर. धो धो पाऊस. चेंडू चिखलात टाकला तर वर येईना. अमेरिका १९, कॅनडा ८. कॅनडाच्या अख्ख्या संघाचे ८ आणि अमेरिकेच्या जो फोर्टेनबेरी या एकट्याचेही ८. दोन्ही संघांचे मिळून २७. मुंबईच्या सामन्यात दोन्ही मिळून २६३ होते. नुसते आकडे बघणारा म्हणेल की बर्लिनचे लोक अडाणी खेळायचे. पाऊस कुठल्याच रकान्यात नसतो ना!

आणि त्याच उन्हाळ्यात, त्याच बर्लिन शहरात, आपल्या शेजारची मुलं होती. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, स्थापना १९१४. त्यांचं पथक ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला गेलं होतं आणि तिथं त्यांनी कबड्डीसह आपले देशी खेळ करून दाखवले. बर्लिनचा फोर्टेनबेरी आणि त्याचे आठ गुण आज जगातला कोणीही शोधू शकतो. अमरावतीच्या त्या पोरांपैकी कुणी किती पकडी केल्या, कुणाची चढाई बघून गोरे प्रेक्षक उभे राहिले, याचा तक्ता नाही. प्रात्यक्षिकाचा तक्ता कोण ठेवतो?

कबड्डीला तक्ता मिळायला पुढं अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, यू मुंबा ४५, जयपूर पिंक पँथर्स ३१. कुठं झाला? वरळीच्या त्याच डोममध्ये, जिथं पाच वर्षांनी एनबीए येणार होतं. आता चढाईचे गुण वेगळे, पकडीचे वेगळे. चढाईत दहा केले तर 'सुपर टेन', पकडीत पाच केले तर 'हाय फाइव्ह'. आमच्या लहानपणी मैदानाच्या कडेला बसलेले म्हातारे सांगायचे, अमक्याची पकड म्हणजे घोरपडीची पकड. ते म्हातारे हाच आमचा तक्ता होता. ते गेले, तक्ता गेला.

आता आकडे फक्त लिहून ठेवायच्या कामाचे असतात असं समजू नका. ते खेळ बदलतात. २२ नोव्हेंबर १९५०. मिनियापोलिसमध्ये फोर्ट वेन पिस्टन्स विरुद्ध लेकर्स. लेकर्सकडं जॉर्ज मायकन नावाचा उंचापुरा खेळाडू, त्याला रोखायचं कसं? पिस्टन्सने ठरवलं की चेंडू धरूनच बसायचं. तेव्हा किती वेळ धरायचा याला मर्यादा नव्हती. प्रेक्षक ओरडून थकले. निकाल, पिस्टन्स १९, लेकर्स १८. त्या अठरातले पंधरा एकट्या मायकनचे. एनबीएच्या इतिहासातला हा सगळ्यात कमी गुणांचा सामना.

असं चाललं तर तिकिटं कोण घेईल? सिरॅक्यूस संघाचे मालक डॅनी बियासोन, त्यांचा धंदा बोलिंगच्या खेळाचा, आणि त्यांचे सहकारी लिओ फेरिस. त्यांनी जुने तक्ते काढले. रंगलेल्या सामन्यांत काय होतं ते बघितलं. प्रत्येक संघ साधारण साठ वेळा बास्केटकडं चेंडू टाकतो, दोन्ही मिळून एकशेवीस. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. २,८८० भागिले १२०. उत्तर चोवीस. १९५४पासून नियम झाला की चोवीस सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे. आधीच्या मोसमात एका संघाचे सरासरी ७९.५ गुण व्हायचे, नव्या मोसमात ९३.१ झाले. आज जगभर चोवीस सेकंदांचं घड्याळ आहे. ते आलं एका भागाकारातून, आणि तो भागाकार करता आला कारण कुणीतरी कंटाळा न करता कोण किती वेळा हुकलं हे लिहून ठेवलं होतं.

दुसरं उदाहरण २ मार्च १९६२चं. पेनसिल्व्हेनियातलं हर्शी गाव. फिलाडेल्फिया वॉरियर्स विरुद्ध न्यूयॉर्क निक्स. विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात १०० गुण केले. हा विक्रम आजही कायम आहे. प्रेक्षक ४,१२४. टीव्हीवर सामना दाखवलाच नव्हता, त्याचं चित्रीकरण नाही. मग आपण विश्वास कशावर ठेवतो? हार्वे पोलॅक नावाच्या गृहस्थांनी ठेवलेल्या हिशोबावर. ६३ प्रयत्नांत ३६ बास्केट, त्याचे ७२. फ्री थ्रो ३२पैकी २८. बहात्तर आणि अठ्ठावीस, शंभर. सामना संपल्यावर पोलॅकनी एका साध्या कागदावर १०० लिहून तो चेंबरलेनच्या हातात दिला. तो फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. आपल्याकडं शब्दप्रमाण मानतात ना, आप्ताचं वचन, विश्वासू माणसाचा शब्द? तो शंभर म्हणजे शब्दप्रमाण. गुणलेखक हा त्या खेळातला आप्त.

आता मी मुद्द्यावर येतो.

चेंबरलेनचा मोठा प्रतिस्पर्धी होता बिल रसेल, बोस्टन सेल्टिक्सचा. तेरा मोसमांत अकरा अजिंक्यपदं. त्याचं खरं शस्त्र ब्लॉक. समोरच्याने टाकलेला चेंडू हवेत अडवायचा आणि बाहेर न फेकता आपल्याच साथीदाराकडं ढकलायचा. आता त्याचा कारकिर्दीचा तक्ता काढा. रिबाउंड २१,६२०. ब्लॉक? तिथं काहीच नाही. रसेल १९६९मध्ये निवृत्त झाला आणि एनबीएने ब्लॉक व स्टील मोजायला सुरुवात केली १९७३–७४च्या मोसमापासून. रिबाउंड मोजले जाऊ लागले १९५०–५१पासून. टर्नओव्हर १९७७–७८पासून. प्रत्येक रकान्याला जन्मतारीख आहे. त्या तारखेच्या आधी जे घडलं ते घडलंच, पण कागदाला ते माहीत नाही.

आपल्याकडं भाट्ट मीमांसक आणि अद्वैती वेदान्ती सहावं प्रमाण मानतात, अनुपलब्धि. वस्तू दिसत नाही, यावरून ती नाही हे कळणं. जमिनीवर घडा नाही हे मला कसं कळतं? दिसत नाही म्हणून. पण आपल्या जुन्या पंडितांनी तिथंच एक अट घातली. ती म्हणजे 'योग्य' अनुपलब्धि. घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. भरपूर उजेड हवा, डोळे ठीक हवेत. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही.

हीच अट तक्त्याला लावा. मुंबईच्या तक्त्यात कुणा खेळाडूच्या ब्लॉकपुढं शून्य असेल, तर ते खरं शून्य. बघणारा माणूस होता, रकाना होता, घडलं असतं तर लिहिलं गेलं असतं. रसेलच्या ब्लॉकपुढं जे आहे ते शून्य नव्हे. ती कोरी जागा आहे. तिथं उजेडच नव्हता. शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं. कोरं म्हणजे बघितलंच नाही. आजचं सगळं व्याख्यान एवढंच आहे. कागदावर या दोन गोष्टी सारख्या दिसतात, आणि तिथंच माणसांवर अन्याय होतो.

आता ती माझी हकिकत. साल १९७२–७३. मी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होतो, बेंचवर बसण्यापुरता. अक्षर बरं आणि गणित बरं, म्हणून गुणतक्ता माझ्याकडं. त्या कागदावर एका बाजूला गुणांची चढती रांग, कुणी बास्केट केली त्याचा नंबर, आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक खेळाडूचे फाउल. पाच झाले की बाहेर. नेस्मिथच्या पहिल्या दिवशीचाच हिशोब, बास्केट आणि फाउल.

आमच्यात दारव्ह्याकडचा एक मुलगा होता. नाव सांगत नाही. उंची बेताची, पण समोरच्या संघाच्या सगळ्यात भारी खेळाडूला तो गोचिडासारखा चिकटायचा. त्याला चेंडू मिळूच द्यायचा नाही. दुसऱ्यासाठी वाट मोकळी करायची, पास द्यायचा आणि मागं धावायचं. तो मैदानात असला की आम्ही पुढं जायचो, तो बाहेर आला की मागं पडायचो. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण कागदावर तो कसा दिसायचा? गुण दोन, फाउल चार. गुण चार, फाउल पाच, बाहेर. त्याचा सगळा बचाव कागदावर फक्त गुन्हा म्हणून उतरायचा, कारण बचावाला तेवढाच एक रकाना होता.

पुढं विद्यापीठाच्या संघाची निवड होती. निवड करणाऱ्यांनी आमचे सामने बघितले नव्हते, त्यांनी तक्ते मागवले. मी नेऊन दिले. त्यांनी बघितलं आणि विचारलं, हा तर नुसताच फाउल करतो काय? मी काही बोललो नाही. का बोललो नाही, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. घाबरलो होतो हे एक. पण दुसरं कारण जास्त वाईट आहे. मला माझ्या कागदाचा अभिमान होता. एकही खाडाखोड नव्हती, प्रत्येक आकडा बरोबर होता. बरोबर कागदाला मी चूक कसं म्हणू? त्याची निवड झाली नाही. तो पुढं खेळलाच नाही, गावी जाऊन शेती बघायला लागला.

हल्ली तक्त्यात प्लस-मायनस नावाचा एक रकाना असतो. खेळाडू मैदानात असताना संघाने किती कमावले आणि किती गमावले, त्यातला फरक. तो मला पहिल्यांदा समजला तेव्हा मी आधी त्या मित्राची आठवण काढली. म्हटलं, जुने कागद मिळाले तर त्याचा प्लस-मायनस काढू. पण निघणार नाही. कोण किती वाजता आत गेला आणि कधी बाहेर आला, हे त्या कागदावर लिहायचं नसायचं. कोरी जागा मागाहून भरता येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. आता तोही म्हातारा, मीही. हे सगळं मी त्याला सांगितलं. हसला आणि म्हणाला, "जाऊ दे ना बे. तू जे दिसलं ते लिहिलं." मी म्हटलं, नाही, मला दिसत होतं. लिहायला जागा नव्हती, आणि जागा नाही हे सांगायचं धाडस मी केलं नाही. यावर तो काही बोलला नाही. पंगत बसत होती, आम्ही जेवायला गेलो.

मित्रहो, आपण यवतमाळात बसलोय, म्हणून एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आपल्या जिल्ह्याचं नाव बाहेर घेतलं की लोकांना आधी एक आकडा आठवतो, शेतकरी आत्महत्यांचा. त्या आकड्याच्या तक्त्यालाही रकाने आहेत. पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. जमीन नावावर होती का, कर्ज कुणाचं होतं, थकलं होतं का, हे तपासून एकेक माणूस एकेका रकान्यात जातो. मदत द्यायची तर काही कसोटी लागणार, हे मला कळतं. पण 'अपात्र' या शब्दाचा अर्थ मदतीच्या नियमात बसत नाही, एवढाच आहे. तिथं दुःख नव्हतं असा तो वाचायचा नाही. आणि ज्या बाईने आयुष्यभर निंदण केलं, कापूस वेचला, पण सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं, तिच्या कामाच्या जागी कागदावर काय असतं? ते शून्य आहे की कोरी जागा? मी एवढं विचारतो आणि थांबतो. खेळाच्या तक्त्यावर वाचायला शिकलेली गोष्ट इथं जास्त गरजेची आहे, म्हणून विचारतो.

आता परत वरळीला जाऊ, कारण त्या कागदाची एक बाजू मी मुद्दाम राखून ठेवली होती. मुंबईचा तो सामना मोसमपूर्व होता. एनबीएचा अधिकृत मोसम त्यानंतर, २२ ऑक्टोबर २०१९ला सुरू झाला. मोसमपूर्व सामन्यांचे आकडे खेळाडूच्या कारकिर्दीच्या बेरजेत धरत नाहीत. म्हणजे बघा, वॉरनचे ते ३० गुण लिहिले गेले, जपले गेले, पण बेरजेत नाहीत. पुढं त्याच मोसमात कोरोना आला. मार्च २०२०मध्ये लीग थांबली आणि उन्हाळ्यात फ्लोरिडात, प्रेक्षकांना मज्जाव करून, उरलेले सामने झाले. १ ऑगस्ट २०२०ला त्याच वॉरनने फिलाडेल्फियाविरुद्ध ५३ गुण केले. कारकिर्दीतली त्याची सर्वोच्च कामगिरी. रिकाम्या सभागृहातले त्रेपन्न मोजले गेले, मुंबईत हजारो पोरांच्या कल्लोळातले तीस मोजले गेले नाहीत.

यात अन्याय झाला असं मी म्हणत नाही. मोसमपूर्व सामना सरावाचा असतो, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. मी म्हणतो ते असं की, मोजायचं काय हे आधी कुणीतरी ठरवतं, आणि मोजणी त्यानंतर सुरू होते. ठरवणारी माणसं असतात, त्यांना त्यांची कारणं असतात. असिस्टचंच घ्या. पास 'लगेच' बास्केटकडं गेला की नाही, हे गुणलेखकाच्या मनावर असतं. एकाच पासला एक गुणलेखक असिस्ट देईल, दुसरा देणार नाही. तक्त्यात मात्र तो आकडा गुणांच्या आकड्याइतकाच ठाम दिसतो.

रणदिवे यांची एक गोष्ट यावर सांगण्यासारखी आहे. त्यांनी आपल्या मुलीच्या शाळकरी संघाला बास्केटबॉल शिकवलं, तेव्हा त्यांना स्वतःला हा खेळ फारसा येत नव्हता. त्यांनी फक्त बघितलं. बास्केट झाली की संघ मागं पळत जाऊन आपल्या टोकाला उभा राहतो, आणि मधलं सगळं मैदान समोरच्याला फुकट देतो. हे काहून? त्यांनी मुलींना सांगितलं की अख्ख्या मैदानभर अडवायचं, पहिल्या पासपासून. त्या साध्या मुली मोठमोठ्या संघांना हरवत राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या. जाणकार जिकडं बघतच नव्हते, ती जागा एका नवख्याला दिसली. माझ्या दारव्ह्याच्या मित्राने हेच केलं असतं. त्याला अडवायला किती आवडायचं!

तेव्हा आकडे टाकून द्या, असं सांगायला मी आलेलो नाही. तसं सांगणारे पुष्कळ असतात, आणि ते बहुधा आपली मर्जी चालवायला मोकळे होतात. चोवीस सेकंदांचं घड्याळ आकड्यांनी दिलं. चेंबरलेनचे शंभर आकड्यांनी राखले. अमरावतीच्या पोरांचं बर्लिनमधलं खेळणं विस्मरणात गेलं, ते आकडे फार झाले म्हणून नव्हे, ठेवलेच नाहीत म्हणून. मला आकडे जास्त हवेत, आणि त्यांच्या शेजारी एक ओळ हवी, की या तक्त्यात काय मोजलेलं नाही.

आपल्या हातात काय आहे, तर छोटी गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात शाळा-कॉलेजांच्या स्पर्धा दर वर्षी होतात. बास्केटबॉल, कबड्डी, खो-खो. सामना संपला की गुणतक्ता प्रमाणपत्रापुरता वापरतात आणि मग तो रद्दीत जातो. इथं बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. अधिकृत कागद असू द्या. त्याच्या शेजारी एक दोनशे पानी वही ठेवा. बेंचवरच्या एखाद्या मुलीला तिच्यात चार रकाने आखायला सांगा. रिबाउंड, असिस्ट, स्टील, आणि खेळाडू आत-बाहेर गेल्याची वेळ. खाली लिहिणाराचं नाव. आणि शेवटी दोन रिकाम्या ओळी. त्यात तिने लिहावं, आज मला असं काय दिसलं की ज्याला रकाना नव्हता. ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवा, टाकू नका.

आणि आजच्या श्रोत्यांपैकी कुणाच्या घरी, ट्रंकेत, माळ्यावर, विदर्भातल्या जुन्या स्पर्धांचे गुणतक्ते असतील, तर मला दाखवा. मी लिहिलेले असतील तर अक्षर मी लगेच ओळखेन. खाडाखोड नसेल.

आता प्रश्न असतील तर विचारा. फोन करणारे ते गृहस्थ आलेत का? त्यांना पहिला मान.